किशोरवयातील वजनवाढ : ताटापलीकडची कारणे

(सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानाची संहिता)



एखादी संस्था पन्नास वर्षांची होते तेव्हा वास्तू, निधी आणि उपक्रम यांचा हिशोब मांडला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु पुढील पन्नास वर्षांचा भार ज्यांच्या खांद्यावर जावयाचा आहे ती मुले-मुली आज दहा ते एकोणीस या वयात आहेत. जागतिक आरोग्य संघटना याच वयास किशोरवय मानते. त्या खांद्यांच्या प्रकृतीचा विचार सुवर्णमहोत्सवी वर्षात व्हावा, हे प्रसंगास धरूनच आहे.

२०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात भारतातील किशोरवयीनांपैकी सुमारे २४ टक्के मुले-मुली कृश, तर सुमारे ५ टक्के वाजवीपेक्षा अधिक वजनाची आढळली. म्हणजे एकाच देशात, कित्येकदा एकाच गावात, उपाशी आणि अतिपुष्ट अशी दोन्ही मुले शेजारी शेजारी वाढत आहेत. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासाच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतातील ५ ते १९ या वयोगटात सुमारे १ कोटी २५ लाख मुले-मुली स्थूल होती; १९९० मध्ये ही संख्या सुमारे ४ लाख होती. या सव्वा कोटीमध्ये मुलगे सुमारे ७३ लाख आणि मुली सुमारे ५२ लाख होत्या. हा शेवटचा आकडा प्रत्येक घराने लक्षात ठेवण्याजोगा आहे. कारण वजनावरून बोलणी बहुधा मुलीला बसतात आणि संख्येने अधिक स्थूल आहेत ते मुलगे.

मुलाचे वजन वाढले की घराघरांत त्याची दोनच कारणे सांगितली जातात : फार खातो आणि आळशी झाला आहे. त्यावर उपायही दोनच सुचविले जातात : ताटातील भाकरी-भात कमी करणे आणि सकाळी धावावयास पाठविणे. आहार आणि व्यायाम यांचे महत्त्व कोणीही नाकारणार नाही. तळलेले फरसाण, बेकरीचे पदार्थ, शीतपेये यांचे प्रमाण घराघरांत वाढले आहे. केवळ शाकाहारी आहे म्हणून आहार हलका ठरत नाही, हेही स्पष्टच आहे. परंतु मूल इतके का खाते, भूक अवेळी का लागते आणि गोडाकडेच मन का ओढते, हे प्रश्न ताटापलीकडे जातात. त्यांची उत्तरे मुलाच्या झोपेत, त्याच्या मनावरील ताणात आणि मुलगा वा मुलगी म्हणून त्याला मिळणाऱ्या वागणुकीत सापडतात.

वजन म्हणजे नेमके काय?

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. किशोरवयात वजन वाढणे हा रोग नाही. ती वाढीची रीत आहे. मुलींमध्ये वयात येण्याची प्रक्रिया साधारणपणे आठ ते तेरा, तर मुलग्यांमध्ये नऊ ते चौदा या वयात सुरू होते. या काळात मुलीच्या शरीरात मेदाचे प्रमाण निसर्गतःच वाढते. नितंब व मांड्या भरतात. तिच्या पुढील आयुष्यासाठी निसर्गाने केलेली ती तरतूद आहे. मुलग्यांमध्ये उंची आणि स्नायू यांची वाढ अधिक होते. त्यामुळे तेराव्या वर्षी थोडी भरलेली दिसणारी मुलगी आजारी आहे असे समजणे चुकीचे, आणि उंच, धिप्पाड मुलगा निरोगीच आहे असे समजणेही चुकीचे.

म्हणून नुसत्या डोळ्यांनी निर्णय करू नये. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ मध्ये ५ ते १८ वर्षे वयाच्या भारतीय मुलांसाठी सुधारित वाढ-आलेख प्रसिद्ध केले. मुलगे आणि मुली यांचे आलेख वेगळे आहेत. उंची, वजन आणि वय यांचा मेळ घालून मूल कोणत्या पट्ट्यात आहे, हे त्यावर बालरोगतज्ज्ञ पाच मिनिटांत दाखवू शकतात. घरच्या घरी करता येईल अशीही एक खूण आहे : कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून अधिक नसावा.

कमरेच्या या खुणेस आपल्याकडे विशेष महत्त्व आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील गावांत माता आणि बालके यांचा दीर्घ अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील बालकांचे सुमारे ३.५ किलो भरले. गावची बाळे स्नायूंनी कृश होती. मेद मात्र त्यांनी तुलनेने जपून ठेवला होता. दिसावयास बारीक पण आतून मेदयुक्त अशी ही भारतीय देहयष्टी आहे. अशा शरीरावर किशोरवयात पोटाभोवती मेद साचू लागला, की मधुमेहाचा धोका इतरांपेक्षा कमी वजनावरच संभवतो. दुसऱ्या प्रकारचा मधुमेह पूर्वी चाळिशीनंतरचा आजार मानला जाई. तो आता शाळकरी वयातही दिसू लागला आहे. विषय सौंदर्याचा नसून आयुष्याचा आहे तो यामुळे.

झोप : वाढत्या शरीराचा पहिला आहार

तेरा ते अठरा या वयात रोज आठ ते दहा तास झोप आवश्यक आहे, असे अमेरिकेतील निद्राविज्ञान तज्ज्ञांच्या मंडळाने २०१६ मध्ये सर्व संशोधन तपासून सांगितले. आपल्या घरांतील वस्तुस्थिती याहून फार वेगळी आहे. रात्री बारा वाजता अंथरुणावर पडणारा आणि सकाळच्या सत्रातील शाळेसाठी पावणेसहाला उठविला जाणारा विद्यार्थी पावणेसहा तासच झोपतो. किमान गरजेपेक्षा हे सव्वादोन तास कमी झाले. शाळेच्या सहा दिवसांत ही तूट साडेतेरा तासांची होते. रविवारी अकरापर्यंत झोपून ती भरून निघत नाही. उलट शरीराचे घड्याळ आणखी पुढे सरकते आणि सोमवारची सकाळ अधिक जड जाते.

"आमच्या वेळी आम्ही नऊ वाजता झोपत होतो, ही मुले मुद्दाम जागतात," अशी तक्रार वडीलधारी मंडळी करतात. तिच्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. अमेरिकेतील संशोधिका मेरी कार्स्काडन यांनी अनेक वर्षांच्या अभ्यासातून दाखवून दिले, की वयात येताना झोपेची गरज फारशी घटत नाही. झोप येण्याची वेळ मात्र नैसर्गिकरीत्या पुढे जाते. अंधार पडल्यावर मेंदूत मेलाटोनिन नावाचे संप्रेरक स्रवू लागते आणि शरीराला रात्र झाल्याची वर्दी मिळते. किशोरवयात ही वर्दी उशिरा येते. त्यात हातात उजळ पडदा असेल तर ती आणखी लांबते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात झोपण्यापूर्वी प्रकाशमान पडद्यावर वाचन करणाऱ्यांचे मेलाटोनिन, छापील पुस्तक वाचणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे दीड तास उशिरा स्रवू लागले. म्हणजे मुलाच्या शरीराचे घड्याळ आधीच मागे चाललेले. त्यास मोबाईल आणखी मागे ओढतो आणि शाळेची घंटा मात्र पहाटेच वाजते.

झोप आणि वजन यांचा संबंध कसा जुळतो? पोट भरल्याचा निरोप मेंदूला देणारे लेप्टिन हे संप्रेरक १९९४ मध्ये, तर भुकेचा निरोप देणारे ग्रेलिन हे संप्रेरक १९९९ मध्ये शास्त्रज्ञांच्या हाती लागले. शिकागो विद्यापीठात बारा निरोगी तरुणांवर केलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन रात्री केवळ चार-चार तास झोपू दिल्यावर, भरपूर झोपेच्या तुलनेत त्यांचे लेप्टिन १८ टक्क्यांनी घटले, ग्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले आणि भुकेची जाणीव २४ टक्क्यांनी वाढली. ओढही अधिक होती ती गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांकडे. चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांवर अमेरिकेत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही हेच दिसले : रोज साडेसहा तासच झोपावयास मिळालेल्या आठवड्यात तीच मुले गोड पदार्थ अधिक खात होती. रात्री साडेअकराला फरसाणाच्या डब्याकडे जाणारा हात निव्वळ जिभेच्या हौसेने जात नाही. थकलेला मेंदू त्यास तिकडे पाठवितो.

याची उलट बाजू आशादायक आहे. आठ ते अकरा वर्षांच्या ३७ मुलांच्या अभ्यासात झोप वाढविलेल्या आठवड्यात मुलांचे खाणे रोज सरासरी १३४ कॅलरींनी कमी भरले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अधिक वजनाच्या ८० प्रौढांपैकी ज्यांची झोप सुमारे सव्वा तासाने वाढविली, त्यांचा आहार इतरांच्या तुलनेत रोज सुमारे २७० कॅलरींनी घटला. विशेष हे, की त्यांना आहाराविषयी कोणताही नियम घालून दिलेला नव्हता. ताट न हलविता भूक आटोक्यात आली.

ताण : न दिसणारे ओझे

ताण ही कल्पना वैद्यकात रूढ केली ती हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने, १९३६ मधील आपल्या प्रसिद्ध टिपणापासून. संकट समोर येताच शरीर सज्ज होते. मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून कॉर्टिसॉल हे संप्रेरक स्रवते, रक्तातील साखर वाढते आणि पळण्यास वा झुंजण्यास बळ मिळते. वाघ निघून गेला की सर्व पूर्ववत होते. विद्यार्थ्याचा वाघ मात्र जात नाही. चाचणी परीक्षा, सहामाही, सराव परीक्षा, प्रवेश परीक्षा, क्लासच्या फलकावरील क्रमवारी, नात्यातील मुलांच्या गुणांशी तुलना, घरातील व्यवसायाची ओढाताण, मित्रमंडळींच्या मोबाईल-समूहात झालेली चेष्टा, यांपैकी काहीतरी रोज उभे असते.

कॉर्टिसॉलचा निसर्गक्रम असा, की ते सकाळी सर्वांत अधिक आणि रात्री सर्वांत कमी असावे. दीर्घकाळच्या ताणात आणि अपुऱ्या झोपेत हा क्रम बिघडतो. संध्याकाळी उतरावयाचे प्रमाण चढेच राहते. ते चढे राहिले की इन्शुलिनचे काम कठीण होते आणि मेद पोटाभोवती साचण्याकडे कल वाढतो. मेरी डालमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये यापुढील दुवा मांडला : गोड आणि स्निग्ध पदार्थ ताणाच्या यंत्रणेस काही काळ खरोखरच शांत करतात. म्हणूनच कमी गुण मिळाल्याच्या दिवशी चॉकलेट हवेसे वाटते. मूल त्या वेळी स्वतःवर आपल्या परीने उपचार करीत असते. तो उपचार रोजचा झाला की व्याधी होते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ताणाने सर्वांचीच भूक वाढत नाही, काहींची मरते. जे मूल अचानक खाईनासे झाले, जेवण टाळू लागले किंवा जेवणानंतर लगेच स्नानगृहात जाऊन वेळ काढू लागले, त्याकडेही तितकेच लक्ष हवे. वजन घटते आहे म्हणून समाधान मानण्याचा हा विषय नाही.

मुलगी आणि मुलगा : एकच घर, दोन वाटा

झोप आणि ताण यांचे परिणाम दोघांवर सारखेच होत नाहीत. अमेरिकेतील किशोरवयीनांच्या २००५ मधील एका मोठ्या अभ्यासात कमी झोप आणि अधिक वजन यांचा संबंध मुलग्यांत स्पष्ट दिसला, मुलींत दिसला नाही. सर्व देशांतील निष्कर्ष याबाबत एकसारखे नाहीत. परंतु मुलगे जागले तर त्यांना काही होत नाही, ही समजूत मात्र यामुळे निराधार ठरते. दुसरीकडे, २००६ मधील अभ्यासात असे आढळले, की मासिक पाळी सुरू होण्यापूर्वी निद्रानाशाच्या बाबतीत मुलगे आणि मुली यांत फरक नसतो. पाळी सुरू झाल्यावर मुलींमध्ये त्याचे प्रमाण वाढते. म्हणजे मुलगा बहुधा पडद्यासमोर जागतो, आणि मुलगी पुष्कळदा दिवा मालवूनही जागी राहते.

मुलींच्या बाबतीत पीसीओएस या विकाराची चर्चा हल्ली घरोघरी ऐकू येते. अनियमित पाळी, चेहऱ्यावर केसांची वाढ, मुरमे आणि वजनवाढ अशी त्याची लक्षणे असतात. परंतु पाळी सुरू झाल्यानंतरची पहिली एक-दोन वर्षे ती अनियमित असणे सर्वसामान्य आहे. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांपर्यंत सोनोग्राफीच्या आधारे हे निदान करू नये. तेराव्या वर्षी सोनोग्राफीचा कागद हाती घेऊन मुलीच्या भावी संसाराची चिंता करणे, हाच तिच्यावर टाकलेला मोठा ताण आहे.

आणि आता बोलण्याविषयी. घरातील समारंभात आत्या वा काकू मुलीला सहज म्हणून जाते, "अगं, किती सुटलीस!" त्याच समारंभात तितक्याच वजनाच्या भावाचे कौतुक होते, "खात्या-पित्या घरचा शोभतो." पहिल्या वाक्याने मुलगी खचते, दुसऱ्याने मुलग्याचा आजार झाकला जातो. अमेरिकेत किशोरवयीनांचा पंधरा वर्षे मागोवा घेतलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की किशोरवयात वजनावरून चिडविल्या गेलेल्यांचे वजन पंधरा वर्षांनंतर इतरांपेक्षा अधिक होते. स्त्रियांच्या बाबतीत हा परिणाम मैत्रिणींच्या आणि घरच्यांच्या, अशा दोन्ही चिडविण्याचा होता. पुरुषांच्या बाबतीत तो सवंगड्यांच्या चिडविण्याचा होता. घरचा शब्द मुलीला अधिक खोल लागतो, असा याचा सरळ अर्थ घेता येईल. टोचून बोलल्याने वजन उतरत नाही, हे तर निश्चित.

चिडवलेली मुलगी पुढे काय करते? जेवण सोडते. सकाळची न्याहारी टाळते, डबा मैत्रिणीस देऊन टाकते. मिनेसोटातील दीर्घ अभ्यासात, किशोरवयात डाएट करणाऱ्या मुलामुलींचे वजन पाच वर्षांनंतर डाएट न करणाऱ्यांपेक्षा अधिक वाढलेले आढळले आणि अनावर खाण्याचे प्रसंगही त्यांच्यात अधिक होते. दिवसभर मारलेली भूक रात्री सूड उगवते. याच कारणास्तव, उपवासाकडे वजन उतरविण्याचे साधन म्हणून पाहू नये. उपवासाचे स्थान श्रद्धेत आहे. वाढत्या वयातील मुलीने आरशाच्या भयाने तो केला, तर तो ना तप होतो ना पथ्य.

खेळाच्या बाबतीतही एक भ्रम आहे. वयात आल्यावर मुलीचे मैदान सुटते हे खरे. पण मुलगा मैदानावर असतोच, हे खरे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार २०१६ मध्ये भारतातील ११ ते १७ वर्षे वयाचे बहुसंख्य मुलगे आणि बहुसंख्य मुली रोजच्या एक तास हालचालीचा किमान निकष पूर्ण करीत नव्हत्या. दोहोंतील अंतर थोडेच आहे.

एका दिवसाचे चित्र

हे तिन्ही धागे कसे गुंततात ते पाहण्यासाठी दहावीतील कोणत्याही विद्यार्थिनीचा दिवस डोळ्यांसमोर आणावा. ती पावणेसहाला उठते. भूक नसते म्हणून दुधाचा पेला ठेवून शाळेत जाते. दुपारी घरी येऊन घाईने जेवते, चारला क्लासला जाते, सातच्या सुट्टीत बाहेर वडापाव किंवा सँडविच खाते. साडेआठला परतल्यावर स्वयंपाकघरात थोडा हातभार लावते. तिचा भाऊ त्या वेळी मोबाईलवर खेळत असतो. घरातील ज्येष्ठ मंडळींचे भोजन सूर्यास्तापूर्वीच झालेले असते. मुलांची पाने मात्र साडेनऊला वाढली जातात. त्यानंतर गृहपाठ, मग अंथरुणात मोबाईल, त्यात मैत्रिणींची छायाचित्रे आणि स्वतःच्या शरीराशी त्यांची तुलना. बारा वाजतात. दुसऱ्या दिवशी गणितात चूक होते, बाई रागावतात, घरी आल्यावर बिस्किटांचा पुडा उघडला जातो. सहा महिन्यांनी वजनकाटा पाच किलो अधिक दाखवितो आणि घर म्हणते, "खाण्यावर ताबा नाही."

या साखळीत खाणे ही शेवटची कडी आहे. घर तिलाच पकडते आणि आधीच्या कड्या तशाच राहतात.

घराने काय करावे?

पहिले काम नोंदीचे. दोन आठवडे एका वहीत मुलाच्या झोपण्याची आणि उठण्याची वेळ लिहावी. वजन लिहू नये. वही मुलानेच भरावी. पुष्कळ घरांना पहिल्या आठवड्यातच कारण दिसू लागते.

दुसरे काम रात्रीचे. झोपेची वेळ एकदम दोन तास अलीकडे आणता येत नाही. दर तीन-चार दिवसांनी पंधरा-पंधरा मिनिटे अलीकडे आणावी. सकाळी उठल्यावर उजेडात दहा-पंधरा मिनिटे उभे राहिल्याने शरीराचे घड्याळ लवकर जुळते. सर्वांचे मोबाईल रात्री साडेनऊनंतर बैठकीच्या खोलीत चार्जिंगला लावावेत. 'सर्वांचे' हा शब्द महत्त्वाचा. वडिलांचा मोबाईल उशाशी असेल, तर मुलाला सांगितलेला नियम टिकत नाही. रविवारी नेहमीपेक्षा तासाभराहून अधिक उशिरा उठू नये.

तिसरे काम जेवणाच्या वेळेचे. २०२२ मध्ये सोळा प्रौढांवर झालेल्या एका काटेकोर प्रयोगात, तेच अन्न चार तास उशिरा दिल्यावर भूक वाढलेली आणि शरीराची ऊर्जा खर्च करण्याची गती मंदावलेली आढळली. या एका प्रयोगाने धर्माज्ञेची परीक्षा झाली, असे कोणी समजू नये. श्रद्धेला प्रयोगशाळेच्या दाखल्याची आवश्यकता नसते. परंतु जी रीत घरात पिढ्यान्‌पिढ्या होती, ती मुलांच्या बाबतीत क्लासच्या वेळापत्रकाने मोडली, हे तरी मान्य करावे. उपाय अवघड नाही. क्लासला जाण्यापूर्वी साडेपाचच्या सुमारास, किंवा क्लासच्या मधल्या सुट्टीसाठी डब्यात, पोळी, भाजी, उसळ असे पूर्ण जेवणच द्यावे. वडापावची गरज आपोआप घटते आणि रात्रीचे जड जेवणही टळते.

चौथे काम जिभेचे, आणि ते मोठ्यांनी करावयाचे आहे. मुलांच्या शरीरावर टिप्पणी करणे घरात बंद करावे. स्तुतीही नको आणि निंदाही नको. पाहुणे बोलले तर आईने वा वडिलांनी तेथल्या तेथे सौम्यपणे विषय बदलावा. भावाला एक पान आणि बहिणीला दुसरे पान वाढू नये. जो पदार्थ तिला नको तो घरातच कमी करावा, तो सर्वांनाच हितकर आहे. स्वयंपाकघरातील काम दोघांत वाटावे, म्हणजे तिच्या झोपेचा अर्धा तास परत मिळेल.

काही लक्षणे दिसताच डॉक्टरांकडे जावे : मानेवर वा काखेत काळपट, जाडसर पट्टा येणे, झोपेत जोराने घोरणे किंवा श्वास अडखळणे, वजन वाढत असताना उंची खुंटणे, आणि पाळी दीर्घकाळ अनियमित राहणे. उदासपणा दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घेण्यात कमीपणा मानू नये. केंद्र शासनाची 'टेली-मानस' ही विनामूल्य सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

संस्थांची जबाबदारी

घर एकटे पुरे पडणार नाही. शाळा सकाळी सातला भरत असेल, तर आई मुलाला दहा तास झोप कोठून देणार? अमेरिकेतील सिॲटल शहराने २०१६ मध्ये माध्यमिक शाळांची वेळ ७.५० वरून ८.४५ केली, तेव्हा विद्यार्थ्यांची रोजची झोप ३४ मिनिटांनी वाढल्याचे मोजमापातून दिसले. उशिरा शाळा म्हणून मुले तितकीच अधिक जागली, असे झाले नाही. कॅलिफोर्निया राज्यात तर २०२२ पासून उच्च माध्यमिक शाळा साडेआठपूर्वी भरविता येत नाहीत. महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागानेही फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत, असा निर्णय काढला. त्यामागे मुलांच्या अपुऱ्या झोपेचेच कारण होते. मात्र ज्यांचे शरीर-घड्याळ खरोखर पुढे सरकलेले असते, ती पाचवीपासूनची मुले त्या निर्णयाच्या कक्षेत नव्हती. ज्या समाजसंस्था शाळा चालवितात, त्यांना या पुढच्या इयत्तांचा विचार स्वतःहून करता येईल.

ज्या संस्था वसतिगृहे वा अभ्यासिका चालवितात, त्यांनी दिवे मालविण्याची वेळ निश्चित करावी. रात्रभर उघडी अभ्यासिका हे भूषण नव्हे. संध्याकाळी सभागृह वा प्रांगण मोकळे असेल, तर आठवड्यातून काही दिवस ते मुलींच्या खेळासाठी राखून ठेवावे. तेथे स्पर्धा नको, गणवेशाची सक्ती नको. गुणवंतांचा सत्कार करताना रात्री जागून अभ्यास केल्याचे गोडवे गाऊ नयेत. वर्षातून एकदा बालरोगतज्ज्ञांकडून वाढ-आलेख तपासून घ्यावा. परंतु वजन चारचौघांत मोठ्याने वाचून दाखवू नये. बंद खोलीत, पालकांसमक्ष आणि मुलाच्या सन्मानाने ते व्हावे.

यांतील कोणत्याही गोष्टीस मोठा निधी लागत नाही. एक वही, एक ठरलेली वेळ, आणि मुलांशी बोलताना थोडा संयम, इतकीच या कार्याची सामग्री आहे. ज्या मुलीला रात्री नऊ तास झोप मिळते, जिला घरी कोणी टोचून बोलत नाही आणि जिला संध्याकाळी खेळावयास जागा आहे, तिच्या ताटातील पोळ्या मोजण्याची वेळ बहुधा येत नाही. तेच तिच्या भावाबाबतही खरे आहे.

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक कुटुंबाने आपल्या मुलामुलींना निदान एक तासाची अधिक झोप भेट द्यावी. इतर भेटींप्रमाणे ती कपाटात पडून राहणार नाही.